वाट उत्तम आहे, तुम्ही व्हा पुढे!

एका जंगलाला दोन मजले होते. हसू नका. तुमच्या इमारतीला सात असतात, तर जंगलाला दोन का असू नयेत? खाली खोरं आणि वर माथा. खोऱ्यात दाट गवत, भरपूर चिखल आणि म्हशी, डुकरं, वानरं अशी दांडगी वस्ती. माथ्यावर वारा, धुकं, खडक आणि मेंढ्या. दोन्ही मिळून एकच जंगल, असं फार पूर्वी ठरलं होतं. कुणी ठरवलं असं विचारलं की खोऱ्यातले म्हणत, "आपण सगळ्यांनी." माथ्यावरच्या मेंढ्या तेवढ्यापुरत्या खोकत.

आता इथे कुणीतरी मोठं माणूस पेपरातून डोकं वर काढून म्हणेल, "अरे, ही तर स्कॉटलंडची गोष्ट! ते ब्रेक्झिट का काय झालं त्याची!" त्यांना चहा द्या आणि गप्प बसवा. स्कॉटलंडच्या रानात वानरं नसतात. मग ही गोष्ट तिथली कशी असेल?

तर जंगलाच्या कडेनं नदी वाहत होती आणि नदीपलीकडे मिठाचा भला मोठा खडक होता. जनावरांना मीठ लागतं, ठाऊक आहे ना? नाही मिळालं की दूध आटतं, कोकरं अशक्त होतात, माती चाटायला लागतात. हा खडक आजूबाजूच्या पुष्कळ जंगलांनी मिळून सांभाळला होता. तिथे कुणी कुणाला खायचं नाही आणि रांगेनं यायचं, एवढाच नियम. मग नियम वाढले. जीभ किती बाहेर काढावी, शेपूट कुठल्या बाजूला ठेवावी, यावरही ठराव झाले. जनावरं कुरकुरत, पण चाटत.

खडकाकडे जायला खोऱ्यातून ओंडक्यांचा पूल होता. माथ्यावरच्या मेंढ्याही खाली उतरून त्याच पुलानं जात.

माथ्यावर एक रीत होती. तिथल्या वाटा अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. म्हणून 'वाट चांगली आहे' असं जो म्हणेल त्यानं पुढे चालायचं. हा काही कुणी केलेला कायदा नव्हता. बऱ्याच मेंढ्या पडल्यावर आलेलं शहाणपण होतं. खोऱ्यात अशी रीत नव्हती. तिथे वाट सांगणारा झाडावर बसत असे.

एकदा माथ्यावरच्या मेंढ्यांना वाटलं, आपलं वेगळं जंगल असावं. गवत आपलं, धुकं आपलं, मग कारभार खोऱ्याचा कशाला? खोऱ्यात धावपळ उडाली. तिथले पुढारी धापा टाकत वर आले. जन्मात कधी माथा चढले नव्हते बिचारे. म्हणाले, "वेगळे झालात तर मीठ गेलं! खडकावर नाव सगळ्या जंगलाचं मिळून आहे. राहिलात तर मीठ राहील. शब्द!"

काबरी नावाची एक मेंढी होती. पांढऱ्यावर काळे ठिपके, स्वभावानं भित्री. वेगळं व्हावं असं तिला मनातून फार वाटत होतं. पण तिनं विचार केला, पुढेमागे मला कोकरू होईल, त्याला मीठ नको का? कौलाच्या दिवशी तिनं डोळे मिटून 'राहू'च्या खड्ड्यात खडा टाकला. तिच्यासारख्याच पुष्कळ निघाल्या. माथा राहिला.

"असं विचारणं पिढीतून एकदाच होतं बरं का," असं बजावून पुढारी घसरत घसरत खाली गेले.

आणि बाळांनो, दोन पावसाळे होतात न होतात तोच खोऱ्यातच नवं खूळ निघालं. हुप्प्या नावाचा एक वानर झाडावरून ओरडू लागला, "तो मिठाचा खडक हवाय कुणाला? त्याच्या देखभालीला आपण रोज हत्तीभर चारा देतो! बाहेर पडा, तोच चारा आपल्या आजारी जनावरांना देऊ!" हे त्यानं एका हत्तीच्या पोटावर चिखलानं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि हत्तीला रानभर फिरवलं. हत्तीला वाटलं, सगळे आपल्याकडेच कौतुकानं बघतायत.

पुन्हा खडे टाकले. माथा म्हणाला, राहू. खोरं म्हणालं, जाऊ. खडे एकत्र मोजले. खोऱ्यात जनावरं जास्त, तेव्हा निकाल काय लागला ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हैस घुबडाला विचारत होती, "काय हो, हे मीठ म्हणजे नेमकं काय असतं?"

पूल बंद झाला. आजारी जनावरं चाऱ्याची वाट बघत बसली. हुप्प्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी कुठं म्हणालो? हत्ती म्हणाला." हत्ती तोवर नदीत डुंबून आला होता. पोट स्वच्छ.

त्याच थंडीत काबरीला कोकरू झालं. गोजिरवाणं होतं, पण पाय लटपटत. काबरीला दूध येईना. पंधरवडा गेला आणि कोकरू माती चाटायला लागलं. काबरी तडक खाली खोऱ्यात गेली.

"दादा," ती झाडावर बसलेल्या पुढाऱ्याला म्हणाली, "राहिलात तर मीठ राहील, असा तुमचा शब्द होता."

"तो मी नव्हे. तो माझ्या आधीचा," झाडावरून उत्तर आलं.

ते खरंच होतं. खोऱ्यात त्या दिवसांत पुढारी भराभर बदलत होते. एक तर असा आला आणि गेला की त्याच्या सत्काराला आणलेली कोथिंबिरीची जुडीसुद्धा सुकली नव्हती.

"मग आम्हाला पुन्हा विचारा," काबरी म्हणाली.

"पिढीतून एकदाच ठरलंय ना? कुणाची पिढी धरायची ते बघायला समिती नेमतो."

ससे म्हणाले, आमच्या चार पिढ्या होऊन गेल्या, विचारा आता. पण समितीवर नेमलं कासवाला. कासव म्हणालं, "घाई काय आहे? माझी पिढी आत्ताशी अंड्यातून बाहेर येतेय."

काबरी हात हलवत परत आली. हो, मेंढीला हात नसतात, माहीत आहे मला. तुम्ही गोष्ट ऐका.

वर माथ्यावर सभा चालू होती. वाकडशिंग्या एडका मोठ्या दगडावर उभा होता. तो माथ्याचा पुढारी. आवाज असा की ऐकताना लोकर ताठ व्हावी. "खोऱ्यानं आपल्याला फसवलं!" तो गरजला. "आता आपलं जंगल वेगळं! पूल गेला तर जाऊ दे. आपल्या कड्यावरून सरळ नदीच्या उथळ पाण्यात उतरणारी वाट आहे. पलीकडे मीठ!"

मेंढ्यांनी बें बें करून रान डोक्यावर घेतलं. काबरीचे डोळे भरून आले. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"काका, वाट चांगली आहे का?"

"उत्तम आहे!"

"मग चला. मी येते मागनं."

रीत सगळ्यांनाच ठाऊक होती.

वाकडशिंग्या घसा खाकरून म्हणाला, "अगं बाई, मी पुढे गेलो तर इथे भाषण कोण करील? आधी खडे, मग ठराव, मग वाट. शिवाय परवापासून माझा हा पाय..." त्यानं पुढचा पाय उचलून दाखवला.

"मघाशी दुसरा उचलला होता मेल्यानं," एक म्हातारी मेंढी पुटपुटली.

बाकीच्या मेंढ्या इकडेतिकडे बघू लागल्या. खरं सांगू का, त्यांना एडक्याचा राग आलाच नाही. काबरीचा आला. इतकी छान सभा रंगली होती.

काबरीला रडू कोसळलं. खोऱ्यातल्यांनी फसवलं, ते एक वेळ परके म्हणून सोडून देता येत होतं. पण हा आपला होता. ह्याची शिंगं बघून तिला लहानपणापासून धीर येत असे. ती कोकराजवळ गेली, त्याच्या तोंडाची माती चाटून काढली आणि म्हातारीला म्हणाली, "मावशी, जरा ह्याच्याकडे बघा." मग कुणालाच काही न सांगता ती कड्यावरून उतरायला लागली. वाट चांगली आहे असं ती म्हणाली नाही. तिला ते माहीतच नव्हतं.

वाट बरी होती, वाईटही होती. मध्येच पायाखालची माती सुटली आणि ती चांगली दहा हात घसरली. एका ठिकाणी वाटच नव्हती, उडी मारावी लागली. उडी मारण्याआधी ती तीनदा मागे सरली. पण संध्याकाळच्या आत उथळ पाण्यातून ती पलीकडे पोहोचली.

खडकाशी रखवालदार बगळा एका पायावर उभा होता. "जंगल कोणतं?"

"माथा."

"असं जंगल आमच्याकडे नाही. तुमचं मोठं जंगल बाहेर पडलंय."

"आम्ही राहू म्हणालो होतो हो!"

"ऐकलंय आम्ही. वाईटही वाटलं," बगळा खरोखर कळवळून म्हणाला. "पण इथे रांगेत जंगल उभं राहतं, बाई. एकटी मेंढी नाही."

तेवढ्यात वरून चाटण्याचा आवाज आला. काबरीनं मान वर केली. खडकावर वाकलेल्या फांदीवर हुप्प्या उलटा लटकत होता. मिशांना मीठ लागलेलं होतं.

"तुम्ही इथे कसे, दादा?"

हुप्प्या दचकला. "मी? मी पाहणीला आलोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याचं काय आहे, माझी आजी ह्याच काठची. मला नातेवाईक म्हणून येता येतं. कुठं बोलू नकोस हं." आणि तिनं बोलू नये म्हणून त्यानं खडकाचा एक खडा उपटून तिच्यापुढे टाकला. बगळ्यानं तेवढ्यात दुसऱ्या पायावर उभं राहायला तोंड फिरवलं.

काबरीनं खडा दातांत धरला आणि परत चढायला लागली. सबंध वाट तिनं जीभ लावली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माथ्यावर पोहोचली तेव्हा सगळ्यांनी गराडा घातला. "वाट कशी आहे? सांग ना!" तिच्या तोंडात मीठ. बोलणार कशी? वाकडशिंग्या दगडावर चढला. "बघा! तिला बोलायला शब्द नाहीत! मी म्हणालो होतो, वाट उत्तम आहे!" टाळ्या झाल्या. म्हणजे खूर आपटले.

काबरी कोकराजवळ गेली आणि तोंडातला खडा त्याच्यापुढे ठेवला. कोकरानं हुंगलं, एकदा चाटलं, मग चाटतच सुटलं. त्याची इवलीशी शेपटी हलायला लागली. काबरी मेंढ्यांकडे वळली.

मग तिनं सांगितलं, "वाट उत्तम नाही. एका ठिकाणी माती सुटते. एका ठिकाणी उडी आहे. आणि खाली गेलं तरी मीठ मिळेलच असं नाही, तो बगळा अडवतो. मला फार भीती वाटली."

मेंढ्यांचे चेहरे पडले. "भीती वाटली म्हणे!" "हिला काही पुढारीपण जमायचं नाही." आणि सगळ्यांनी वाकडशिंग्याला पुन्हा एकमतानं निवडून दिलं.

पण मीठ किती दिवस पुरणार? खडा संपला तशी एका सकाळी काबरी पुन्हा निघाली. ह्या वेळी कोकरू बरोबर होतं, त्याचे पाय आता लटपटत नव्हते. ती काहीच बोलली नाही. तिच्या मागून म्हातारी मेंढी उठली. मग आणखी एक, ज्यांची कोकरं माती चाटत होती त्या सगळ्याच. बगळा एकट्या मेंढीला ओळखत नाही ना, मग एवढ्या जणींना तरी ओळखतो का बघू, असं प्रत्येकीच्या मनात होतं. सुटी माती आली की पुढची मागचीला सांगे, "इथं जपून गं."

आणि सगळ्यांच्या शेवटी, बऱ्याच अंतरावरून, पुढचे दोन्ही पाय धड असलेला वाकडशिंग्या जपून उतरत होता. छाती पुढे काढून तो ओरडत होता, "या! माझ्या मागे या!"

माथा वेगळा झाला की नाही, असं विचारताय? कासवाची समिती अजून बसलेली आहे.

तात्पर्य: वाट दाखवणाऱ्याला पुढे चालायला कधीही सांगू नये. त्याला वाट माहीत नसते, उगीच चारचौघांत बिचाऱ्याची पंचाईत होते. आणि मुलांनो, आजी निवडताना ती नदीपलीकडचीच निवडावी.