स्थिर वस्तू क्रमांक ४१७

कोणत्याही महानगराला जन्मतः बुद्धी नसते. ती नंतर निविदा काढून बसवावी लागते. माणसाचे तसे नाही. माणूस बुद्धी घेऊनच जन्माला येतो आणि गाडी चालवायला शिकेपर्यंत ती बऱ्यापैकी टिकते. म्हणूनच सुजाण प्रशासन माणसांच्या फंदात पडत नाही, थेट रस्त्यांनाच हुशार करते.

सात नगरे आणि त्यांच्यामध्ये कुणालाही न विचारता वाढलेली वस्ती मिळून जो महानगर प्रदेश झाला होता, तिथे या कामासाठी 'बुद्धिमान वाहतूक प्रणाली नियोजन कक्ष' होता. कक्षात नऊ टेबले आणि अकरा अधिकारी होते (दोघे कायम दौऱ्यावर, त्यामुळे अडचण नव्हती). कक्षाने आजवर पाच आराखडे केले. पहिला मंजूर होईपर्यंत रस्ते बदलले, दुसरा मंजूर होईपर्यंत वाहने बदलली, तिसऱ्याच्या वेळी मंजूर करणारेच बदलले आणि चौथा मंजूर झाला, पण सापडला नाही. पाचवा मात्र लागू झाला. त्याचे सगळे श्रेय उपनियोजकांना जाते.

या उपनियोजकांना कक्षात सगळे 'आराखडे' म्हणत. त्यांना काहीही विचारा, 'आराखड्यात आहे' हेच उत्तर. एकदा बायकोने फोन करून घरातले दूध संपल्याचे कळवले, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

पाचव्या आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात आराखडे यांनी वर्तुळ रस्त्यावरची सव्वाअकराची कोंडी नाहीशी केली. ही कोंडी जुनी होती, वक्तशीर होती आणि तिच्यावर बऱ्याच लोकांचे आयुष्य बेतलेले होते. आराखडे यांनी मागचेपुढचे सिग्नल एकमेकांशी जोडून दिले. एक हिरवा झाला की पुढचा हिरवा, मग त्याच्या पुढचा. वाहनांचा वेग ताशी अकरा किलोमीटरवरून बावन्नवर गेला. प्रत्येक वाहनचालकाची रोज चार मिनिटे वाचली. (त्या चार मिनिटांचे तो काय करतो, याचा अभ्यास सहाव्या आराखड्यात घेतला आहे.) आराखडे यांना प्रमाणपत्र मिळाले आणि त्यांनी ते चौकट करून घरात लावले.

हे घर वर्तुळ रस्त्यावरच होते. रस्त्याच्या अलीकडे आराखडे, त्यांची बायको आणि आई. पलीकडे, बरोबर समोरच्या तळमजल्यावर, आईची थोरली बहीण. पडल्यापासून मावशीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कामाला येणारी बाई सकाळी सगळे आवरून जाई, पण मावशी तिच्याकडून वेणी घालून घेत नसे आणि आईशिवाय जेवत नसे. म्हणून आई रोज साडेदहाला निघे, रस्त्याच्या कडेला उभी राही आणि सव्वाअकराला कोंडी झाली की अडकलेल्या गाड्यांमधून वाट काढत पलीकडे जाई. गेली सहा वर्षे हे बिनबोभाट चालले होते. (ओलांडण्याची अधिकृत जागा पावणेदोन किलोमीटरवर होती. आईचे गुडघे त्याच्या बरेच अलीकडे संपत.)

"आज मावशीकडे काय जेवलीस?" आराखडे यांनी एका संध्याकाळी सहज विचारले.

"जातेय कुठली! तासभर उभी राहिले नि परत आले. या आठवड्यात तिसऱ्यांदा," आई म्हणाली. "पूर्वी कशा छान अडकायच्या गाड्या. कुणा शहाण्याने ती कोंडी काढली म्हणे."

आराखडे यांनी त्या शहाण्याबद्दल मत व्यक्त केले नाही. बायकोने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिले आणि पोळपाट जरा जोरातच ठेवला.

"ती खिडकीत बसून असते रे," आई म्हणाली. "केस मोकळे सोडून. हात करते. मी पण हात करते. आणि मध्ये ह्या गाड्या."

आराखडे यांना त्या रात्री झोप लागली नाही. ते मनाने वाईट नव्हते, फक्त पद्धतशीर होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरासमोर पादचारी सिग्नल मिळावा म्हणून स्वतःच्याच कक्षाकडे अर्ज केला, तो स्वतःच स्वीकारला आणि नियमाप्रमाणे स्वतःच फेटाळला. नियम असा होता की, जिथे ताशी किमान साठ माणसे रस्ता ओलांडतात तिथेच ओलांडण्याची सोय द्यावी. सर्वेक्षणात त्या जागी ४१,२१६ वाहने, दोन घोडे (ट्रकच्या मागे रंगवलेले) आणि शून्य पादचारी आढळले होते. 'ओलांडायला उभे राहून परत गेलेले' असा रकानाच तक्त्यात नव्हता. तो तक्ता आराखडे यांनीच केला होता. पादचारीच नसल्यामुळे पादचाऱ्यांचे अपघातही शून्य होते, आणि त्या बळावर वर्तुळ रस्त्याला 'पादचाऱ्यांसाठी अतिसुरक्षित' असा दर्जा मिळाला होता.

मग दुसऱ्या टप्प्याची बैठक झाली. आता कॅमेरे रस्त्याकडेच्या वस्तू स्वतः ओळखून त्यांची यादी करणार होते. मावशीच्या इमारतीवरचा कॅमेरा फक्त पावणेअकरा ते सव्वाअकरा एवढेच बघे, कारण बाकीच्या वेळी त्याच्या डोळ्यावर ऊन येई. सलग तीस दिवस जे काही त्याला त्याच जागी दिसेल, ते स्थिर मानले जाई. सल्लागारांनी भिंतीवर चित्र लावले आणि वाचून दाखवले:

"स्थिर वस्तू क्रमांक चारशे सतरा. खांब. उंची पाच फूट एक इंच. रंग राखाडी. किंचित वाकलेला. जुना, पण पाया मजबूत. मधोमध एक पिशवी अडकलेली, ती काढून टाकावी."

आराखडे उठून उभे राहिले. "मॅडम, ही माझी आई आहे."

मुख्य नियोजक बाईंनी चष्मा वर करून चित्र पाहिले. "दिसतात छान. पण आराखडे, यादी काल मंजूर झाली."

"पण ती खांब नाही!"

"हे तुम्ही मुलगा म्हणून म्हणताय की अधिकारी म्हणून?"

आराखडे यांना हा फरक आजवर कुणी विचारला नव्हता. ते खाली बसले.

यादीतून नाव काढायचे तर वस्तू जागची हलल्याचे कॅमेऱ्याला दिसायला हवे होते. बायकोने सोपा मार्ग सांगितला: "अहो, रजा घ्या आणि आईंना हात धरून पलीकडे न्या. त्याला कशाला हवा आराखडा?" आराखडे यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच रस्त्याच्या कडेला पायी उभे राहिले. आईचा हात त्यांच्या हातात होता. समोर मावशी हातात कंगवा धरून बसली होती. गाड्या येत होत्या, ताशी बावन्नच्या वेगाने, एकामागून एक, अगदी त्यांनी ठरवून दिल्या तशाच. ते एक पाऊल पुढे टाकत आणि दोन मागे येत. पाऊण तासाने आई म्हणाली, "चल बाळा, तुला उशीर होईल." हे सगळे इतके बिनचूक चालले होते आणि ते आराखडे यांनीच केले होते.

त्यांनी तशीच महिनाभर रजा टाकली. महिन्याच्या अखेरीस सुधारित यादी आली. क्रमांक ४१७ कायम होता. शेजारी ४१८ वाढला होता. 'खांब. नवा. पण पाया कच्चा.'

यापुढे आराखडे यांनी जे केले ते आजवर कुठल्या मुलाने केले असेल असे वाटत नाही. आराखड्यात, पान दोनशे बारावर, त्यांनीच घातलेले एक कलम होते: जिथे मजबूत खांब आधीच उभा असेल, तिथे खोदकाम न करता चाचणीसाठी लाल दिवा लावावा, पादचाऱ्यांच्या संख्येची अट लागू नाही. पादचाऱ्याला जे मिळत नव्हते, ते खांबाला मिळत होते. आराखडे यांनी आईच्या नोंदीच्या कागदावर 'प्रत्यक्ष पाहणी केली. खांबच आहे.' असा शेरा मारला आणि सही केली.

बाराव्या दिवशी तंत्रज्ञ दिवा घेऊन आला. "आजी, इथला खांब कुठे गेला?"

"मीच ती," आई म्हणाली. मुलाने तिला सगळे सांगून ठेवले होते.

तंत्रज्ञाने कागद पाहिला, आईकडे पाहिले, उंची पाहिली, वाक पाहिला. सगळे जुळत होते. "पिशवी काढायला सांगितलीय यात."

"तिच्यात बहिणीचं जेवण आहे."

"मग राहू दे," तो म्हणाला आणि त्याने दिवा तिच्या हातात दिला. "असा वर धरा. इथे दाबलं की लाल."

आईने दाबले. ज्या गाड्या हाडामांसाच्या बाईसाठी महिनोनमहिने थांबल्या नव्हत्या, त्या वीतभर दिव्यापुढे गचकन थांबल्या. आई पलीकडे गेली. त्या दिवशी मावशीची वेणी झाली, जेवण झाले आणि दोघी बहिणी खिडकीत बसून दुपारभर हसत होत्या. असे अकरा दिवस चालले. आराखडे त्या दिवसांत कक्षात शीळ घालत असत, अशी नोंद आहे.

बाराव्या दिवशी नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर बिघाडाची सूचना आली: 'क्रमांक ४१७ रोज पावणेअकरा वाजता रस्ता ओलांडतो.' तातडीने समिती बसली आणि तिने एकमताने आदेश काढला: 'सदर खांब हा खांब नसून माणूस असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे दिवा काढून घेण्यात येत आहे.' माणूस म्हणून आईची मोजणी आता रीतसर पादचाऱ्यांत झाली. ताशी एक. अजून एकोणसाठ हवे होते.

आराखडे त्या दिवशी आयुष्यात प्रथमच चिडले. चिडले तरी पद्धतशीरच. त्यांनी कॅमेऱ्याचे सगळे चित्रण मागवले आणि एक यादी केली: आई कडेला उभी असताना तिच्यासमोरून न थांबता गेलेली वाहने. तारीख, वेळ, वाहनाचा क्रमांक, चालवणाऱ्याचा चेहरा. यादी नऊशे चार पानांची झाली. एकेका गाडीने थांबायचे म्हटले असते तर सहा सेकंद लागले असते, हेही त्यांनी तळटीपेत दिले. कुठल्याही बुद्धिमान प्रणालीशिवाय.

यादी कक्षात कुणालाही पाहायला खुली आहे. आपलेही त्या रस्त्याने जाणे-येणे असतेच, तेव्हा जमल्यास चाळून पाहावी. आपण सभ्य आहात, वाचणारे आहात, आपल्याला ती बाई आठवतही असेल. राखाडी स्वेटर, हातात पिशवी, जरा वाकलेली. नाही आठवत? कॅमेऱ्याला निदान खांब तरी दिसला होता.