ओटीपीची सद्यस्थिती

डॉ. शरदचंद्र निगडे यांना म्हैसूरला येऊन दोन वर्षं होत आली, तेव्हा त्यांना कन्नडमधले पाच शब्द येत होते. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, इदे म्हणजे आहे आणि इल्ला म्हणजे नाही. एवढ्या भांडवलावर सामान्य माणूस हॉटेलात जेवतो आणि गप्प घरी येतो. डॉक्टरांनी त्यावर संशोधन केलं.

त्यांचा विषय होता इंटरनेटची वापरसुलभता आणि सुरक्षितता. बन्नीमंटपाच्या पलीकडच्या एका खासगी कॉलेजात ते हा विषय शिकवत. कॉलेजची वेबसाइट कुणालाच धड उघडता येत नसे, त्यामुळे विषयाला वाव भरपूर होता. कॉलेजने प्रौढांना शिकवणारं एक पोर्टल काढलं होतं. ते लोकांना वापरता येतं की नाही याचा अहवाल डॉक्टरांनी द्यायचा, आणि त्या अहवालावर त्यांची नोकरी कायम व्हायची की नाही हे ठरायचं, असा संचालिका सुमा मॅडमचा हिशेब होता.

घरी त्यांच्या पत्नीने, ताराने, हाच हिशेब जरा सोप्या भाषेत मांडला होता. "सांगली झालं, नाशिक झालं, हैदराबाद झालं. आपल्या ऋचाची तीन शाळांतली तीन ओळखपत्रं कपाटात आहेत. आता कायम व्हा, नाहीतर पुढच्या गावाला एकटे जा."

"होणार म्हणजे होणार," डॉक्टर म्हणाले. "यंदा मी उत्तरदातेच असे निवडलेत की भाषेची अडचण नाही. आपलीच माणसं. मराठी!"

ही आपली माणसं म्हणजे शहरातल्या नजरबाद भागातली जुनी रंगारी घराणी. पणजोबांच्या काळापासून म्हैसुरात. कापड रंगवणं, छापणं केव्हाच सुटलं, आता कुणी बँकेत, कुणाचं मेडिकलचं दुकान. घरात मराठी बोलत. पण त्या मराठीत भाकरी, भांडण आणि देव एवढंच मराठी उरलं होतं. बँक, गॅस आणि फोन कन्नडमध्ये आले, ते कन्नडमध्येच राहिले. डॉक्टरांना हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी कुणाला विचारलं नाही.

महिला मंडळाच्या भानुमतीबाईंनी हॉल दिला, एकोणतीस माणसं गोळा केली आणि कॉफी ठेवली.

"बसा की सार. स्वल्प कॉफी घ्या, मग परीक्षा."

"परीक्षा नाही, काकू. अभ्यास आहे. तुम्ही फोनवर पोर्टल उघडायचं, नंबर घालायचा, एक संकेतांक येतो तो पाहायचा. मी फक्त विचारणार. तुमच्या फोनकडे मी बघणार नाही."

"का बा? आमच्या फोनला काय झालंय?"

"सुरक्षितता!" डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. उत्तरदात्याच्या पडद्यावर संशोधकाची नजर पडता कामा नये, असा कॉलेजच्या नीतिसमितीचा नियम होता. समितीचे सचिव डॉक्टर स्वतःच होते आणि नियमही त्यांनीच लिहिला होता. त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून बसले, मांडीवर वही घेतली आणि एकेकाला प्रमाण मराठीत विचारू लागले, "ओटीपीची सद्यस्थिती काय?"

पहिले सुब्बराव, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी भानुमतीबाईंकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "ओटीपीचं विचारतात हो." सुब्बरावांचा चेहरा उजळला.

"बंदिदे सार!"

डॉक्टर चमकले. बंद इदे. बंद म्हणजे बंद, इदे म्हणजे आहे. ओटीपी बंद आहे! पाच शब्दांतला एक असा अडीअडचणीला धावून आला याचा त्यांना केवढा आनंद झाला. त्यांनी वहीत लिहिलं, "बंद."

पाठोपाठ दुसरा म्हणाला, "बंदिदे." तिसरी म्हणाली, "बंदिदे सार, आत्ताच." एकोणतीसच्या एकोणतीस माणसांनी हेच सांगितलं. धडे उघडून पाहायचा टप्पा पुढच्या महिन्यात होता, त्यामुळे सगळ्यांनी फोन पिशवीत टाकले आणि उप्पीट खाल्लं.

उरले तीन उत्तरदाते शहराबाहेरच्या वरुणा गावात. तिथे भानुमतीबाईंची चुलत नणंद जयवंती आणि तिच्या दोन जावा राहत. त्यांचं घर उसाच्या मधोमध एका खोलगटात होतं. डॉक्टर बसने गेले, गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले आणि सद्यस्थिती विचारली.

"बंदिल्ला," जयवंती म्हणाली. दोन्ही जावाही तेच म्हणाल्या.

बंद इल्ला. बंद नाही! डॉक्टरांनी वहीत तीन ठळक बरोबरच्या खुणा केल्या. "उत्तम! तुमचं फार छान चाललंय."

जयवंतीने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि ती म्हशीला पाणी दाखवायला गेली. डॉक्टरांनी वहीत नोंद केली, "तंत्रज्ञानाबद्दल सहजता."

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजच्या सर्व्हर विभागात नरसिंहमूर्तींकडे गेले. नरसिंहमूर्ती अस्सल म्हैसूरकर. त्यांचं आणि डॉक्टरांचं बोलणं इंग्रजीत चाले, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

"तुमचा ओटीपी नजरबादेत बंद आहे," डॉक्टर म्हणाले.

"ओटीपी बंद असायला ते काय दुकान आहे? हे बघा, एकोणतीस पोहोचले, तीन पोहोचले नाहीत. ते तीन वरुणेचे. तिथे रेंज नाही."

"मशीन असं म्हणतं. माणसं बरोबर उलट म्हणतात."

"मग माणसं चुकतात."

हे वाक्य ऐकून डॉक्टरांच्या अंगावर रोमांच आले. वापरसुलभतेच्या क्षेत्रात याहून मोठं पाप नाही. माणूस चुकतो असं मशीनवाला म्हणाला, की संशोधकाचं सोनं झालं. बत्तीसच्या बत्तीस ठिकाणी यंत्राचा दावा आणि माणसाचा अनुभव एकमेकांच्या बरोबर विरुद्ध! एखादा शहाणा इथे थांबून म्हणाला असता, की सगळंच जर उलटं येतंय तर कदाचित मीच वही उलटी धरली असेन. डॉक्टरांनी सुमा मॅडमना पत्र लिहिलं.

मॅडमनी नरसिंहमूर्तींना झापलं. चिडलेल्या नरसिंहमूर्तींनी अशी व्यवस्था केली, की एकदा नंबर घातला की अर्ध्या अर्ध्या मिनिटाने तीन ओटीपी यावेत. "आता बघू कोण बंद म्हणतं ते!"

पुढच्या महिन्यातले धडे रद्द झाले आणि पहिलाच टप्पा पुन्हा घेण्यात आला. हॉलमध्ये एकोणतीस फोन तीन तीनदा वाजले. भिंतीकडे तोंड केलेल्या डॉक्टरांच्या पाठीमागे नुसता गलका उडाला.

"बंदिदे सार! अय्यो, मत्ते बंदिदे! बघा, मत्ते!" सुब्बराव ओरडले.

शास्त्रीय काटेकोरपणा म्हणून डॉक्टरांनी अनोळखी शब्दाचा अर्थ विचारला. "काकू, मत्ते म्हणजे?"

"मत्ते म्हणजे पुन्हा, सार."

"पुन्हा बंद," डॉक्टर लिहीत पुटपुटले. "अरेरे."

वरुणेत मात्र तिघींचं उत्तर तेच, बंदिल्ला. आता डॉक्टरांच्या मनात शंका उरली नाही. शहरात यंत्रणा जितकी वाढवावी तितका बिघाड वाढतो आणि गोठ्याशेजारी काहीही न करता सगळं सुरळीत चालतं. त्यांनी एकशे बारा पानी अहवाल लिहिला, त्यात दोन आलेख घातले आणि या शोधाला नाव दिलं 'वरुणा मॉडेल'. अर्ध्या हळकुंडाने माणूस पिवळा होतो हे ठाऊक होतं. डॉक्टर अर्ध्या शब्दाने आपादमस्तक पिवळे झाले.

अहवाल वर गेला. नोकरी कायम झाल्याची ऑर्डर निघायचा महिना आला. डॉक्टरांना जेवण जाईना. तारा रोज दारातच विचारायची, "आली?" आणि ते मान हलवायचे.

एका शुक्रवारी दुपारी ते वर्गातून बाहेर पडत होते, तोच फोन वाजला. नरसिंहमूर्ती. माणूस मनाने मोठा, झालं गेलं विसरून आनंदाने ओरडत होता. आनंद झाल्यावर कोण इंग्रजी बोलतो?

"सार! निम्म ऑर्डर बंदिदे!"

डॉक्टर भिंतीला टेकले. तुमची ऑर्डर बंद आहे. आणि वर हा माणूस हसतोय! मशीनवाल्याने सूड उगवला. त्यांनी फोन कापला, खोलीत जाऊन कडी लावली आणि सुमा मॅडमना राजीनाम्याची ईमेल लिहिली. शेवटचा परिच्छेद त्यांनी डोळ्यांत पाणी आणून लिहिला. "सत्य सांगितल्याची शिक्षा मला मान्य आहे. अशा संस्थेत कायम होण्यापेक्षा वरुणेच्या त्या गोठ्याशेजारी बसून मी जन्मभर संशोधन करीन." आणि पाठवण्याचं बटण दाबलं. या बटणाला मात्र कुठला ओटीपी लागत नव्हता.

घरी आल्यावर ते चपला न काढता बसले. "तारा, सामान बांध. ऑर्डर बंद झाली."

तारा मटकन खाली बसली. मग तिच्यातली भाजीबाजारात तयार झालेली बाई जागी झाली. "बंद झाली म्हणजे? कोण म्हणालं?"

"नरसिंहमूर्ती."

"कुठल्या शब्दांत? जसंच्या तसं सांगा."

"निम्म ऑर्डर बंदिदे. आणि हसत होता मेला."

ताराने पदर तोंडाशी धरला. "अहो, बंदिदे म्हणजे आली. ऑर्डर आलीय तुमची! बंद कसलं? ध चा मा करता!"

"आली?" डॉक्टर उठले. दोन पावलं नाचल्यासारखी टाकली आणि मधेच थबकले. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "आणि... बंदिल्ला म्हणजे?"

"नाही आली."

डॉक्टर पुन्हा बसले. एकशे बारा पानं एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढे उलटी झाली, आलेखांसकट.

सकाळी उठून ते आधी भानुमतीबाईंकडे गेले, न जाणो बाईंच्या मराठीत काही वेगळा अर्थ असेल. तसा तो नव्हता.

"आलाच होता की सार ओटीपी. सगळ्यांना. आम्ही तर फोन वर धरून दाखवत होतो. तुम्ही भिंतीकडं बघत होता."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. एकोणतीस लोकांनी." बाईंनी कॉफीचा पेला पुढे केला. "आम्हाला वाटलं, शिकलेले लोक असंच बघत असतील."

तिथून डॉक्टर थेट सुमा मॅडमकडे गेले. राजीनामा मागे घ्यायचा आणि खरं काय ते सांगून टाकायचं, असं रस्ताभर घोकत होते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"अभिनंदन! तुमची कालची ईमेल मी व्यवस्थापन समितीला वाचून दाखवली. एक सदस्य रडले."

"मॅडम, त्या अहवालात एक लहानशी..."

"वरुणा मॉडेल मंजूर झालंय. सहा जिल्ह्यांत राबवणार. समितीला तर तोच भाग सगळ्यांत आवडला."

"पण मॅडम, तो भागच उलटा आहे. बंदिदे म्हणजे बंद नव्हे."

मॅडम जन्माने म्हैसूरच्या. त्यांना कळायला एक सेकंद लागला. दुसऱ्या सेकंदाला त्यांनी उठून दार लावलं.

"डॉक्टर," त्या सावकाश म्हणाल्या, "अहवाल बरोबर म्हणून ऑर्डर निघाली. अहवाल चुकला असेल, तर ऑर्डरही चुकली. दोन्ही दुरुस्त करायला घेऊ या का?"

डॉक्टरांना ताराचा पदर दिसला. कपाटातली तीन ओळखपत्रं दिसली. सत्य सांगायला ते आले होते आणि सांगूनही झालं होतं, आता ते पुन्हा सांगायलाच हवं असं कुठे होतं?

"साकु," ते म्हणाले.

"छान. आणि तुमची इच्छा मी मोडली नाही हं. वरुणा केंद्राचे प्रमुख तुम्हीच. गोठ्याशेजारची खोली घेतलीय. सोमवारपासून."

नरसिंहमूर्तींनी सगळे धडे एका टॅबमध्ये भरून दिले, म्हणजे रेंजचा प्रश्न मिटला. जयवंती आणि तिच्या जावा दूध घालून झालं की रोज येत, धडा बघत आणि वहीत सही करत. चार आठवड्यांत जयवंतीला चौथा धडा पाठ झाला, आणि डॉक्टरांना तिच्याकडून आणखी साठेक कन्नड शब्द शिकावे लागले. हजेरीची व्यवस्था मात्र कायम नोकरांसाठी वेगळी होती. सकाळी नऊ वाजता कॉलेजकडून ओटीपी येणार, तो पाच मिनिटांत घालायचा. डॉक्टर रोज नऊला रेंजसाठी उसाच्या बांधावर चढून फोनचा हात उंच करून उभे राहत, आणि म्हशी त्यांच्याकडे बघत.

महिनाअखेरीस कॉलेजच्या संगणकाने वरुणा केंद्राचा तक्ता काढला आणि आपण होऊन सगळ्यांच्या घरी पाठवून दिला. विद्यार्थिनींच्या नावापुढे पूर्ण हजेरी होती. केंद्रप्रमुखांच्या नावापुढच्या दोन चौकटी ताराने स्वयंपाकघरात मोठ्याने वाचल्या.

"नोकरीचा प्रकार, कायम. हजेरी, गैरहजर." तिने कागद फ्रिजवर चिकटवला. "झालात बाई एकदाचे. कायम गैरहजर."