मुखपृष्ठावरचा हात

दौलतने मुंज्याचे चित्र काढले आणि त्र्यंबकच्या पोटात दुखायला लागले.

हरिहरपंतांच्या कल्याणच्या शिळाछापखान्यातून ‘रक्तपिंपळ’ या सचित्र मासिकाचा पहिला अंक निघायचा होता. पानभर चित्र आणि खाली चार ओळी मजकूर, असा नवाच थाट. गोष्ट खुनाची. सावकाराचा गळा कुणीतरी आवळलाय, साक्षीदार म्हणाल तर फक्त पिंपळावरचा मुंज्या, आणि हवालदार रोज तिन्हीसांजेला झाडाखाली जाऊन त्याची जबानी घेतोय. कचेरीतली कारकुनी सांभाळून, सहा महिने डोके खाजवून त्र्यंबकने ती लिहिली होती. ठाकुर्लीचा दौलत कालपरवापर्यंत लग्नघरांच्या भिंती रंगवायचा. त्याने आठ दिवसांत चित्रे उरकली, आणि छापखान्यात येणारा जो तो चित्रेच बघत बसला.

"त्र्यंबकराव, हा मुंज्या बघा! माणसाची बोबडी वळेल," हरिहरपंत म्हणाले.

"खालच्या ओळी वाचल्यात का, पंत?"

"वाचू की. पळून जातायत का त्या?"

घरी त्र्यंबकच्या बायकोने, मंदाकिनीने, नमुन्याचे पान हातात घेतले आणि किंचाळून खाली टाकले. त्र्यंबक सुखावला.

"कुठल्या ओळीला घाबरलीस?"

"ओळी कुठे आहेत?" मंदाकिनी म्हणाली. "अगंबाई, ह्या होय! मला वाटलं गवत काढलंय."

त्या रात्री त्र्यंबकला जेवण गेले नाही. त्यात पंतांनी जाहीर करून टाकले होते की मुखपृष्ठावर नाव एकाचेच. पहिला अंक बिननावाचा जाईल. तो वाचून लोक ज्याला वाखाणतील, त्याचे नाव दुसऱ्या अंकावर ठळक अक्षरांत. ठाण्याला सासुरवाडीत ‘आमचे जावई कारकून’ एवढीच ओळख असलेल्या त्र्यंबकचा सगळा जीव त्या एका नावात अडकला होता.

शनिवारी तो डोक्याला चांगले पळीभर तेल थापून मारुतीला गेला आणि येताना छापखान्यात डोकावला. दौलत भाकरी खायला गेला होता. समोर मुखपृष्ठाचा दगड, त्यावर गळा आवळलेला सावकार, आणि कोपऱ्यात हरभऱ्याएवढी, उलट्या अक्षरांतली सही: दौलत.

"बिननावाचा अंक काय! चोर लेकाचा," त्र्यंबक पुटपुटला. त्याने सवयीने डाव्या हाताने डोके खाजवले, तोच हात दगडावर टेकला आणि उजव्या हाताने धोतराच्या ओल्या सोग्याने सही पुसायला घेतली. बाहेर पावले वाजली तसा तो पसार झाला.

आता शिळाछापाचा दगड म्हणजे तेलाचा हावरा. चित्र काढायचेच तेलकट शाईने. दगड भिजवून वरून शाईचा रूळ फिरवला, की जिथे तेल लागलेले असेल तिथेच शाई धरते, बाकी जागा कोरी. मग ते चित्राचे तेल असो की कारकुनाच्या डोक्यावरचे. यंत्र चालवणाऱ्या काळुरामने दोनशे प्रती काढल्या. सगळ्याच प्रतींवर सावकाराच्या गळ्याशी काळा पंजा उमटला, वाकड्या करंगळीसकट. सही पुसली गेली नव्हतीच. उलट फासटून चांगली बोराएवढी झाली होती. पंतांना तो दौलतच्या कुंचल्याचाच चमत्कार वाटला आणि अंक बाहेर पडला.

आठवड्यात ठाण्यापर्यंत बोभाटा झाला. शहाडहून दोघे खास पंजा बघायला आले.

"दौलत, काय हात काढलास रे!" पंत म्हणाले.

"पंत, मी नाय काढला तो," दौलत म्हणाला. "देवाशपथ."

"म्हंजे मुंज्यानंच ठेवला!" काळुराम किंचाळला आणि त्याने यंत्रापुढे नारळ फोडला.

दोन दिवसांत सगळे कल्याण मुंज्याचे नाव घेऊ लागले. पंत म्हणाले, "मग मुखपृष्ठावर मुंज्याचंच नाव घालावं लागणार. शब्द म्हणजे शब्द."

त्र्यंबक दौलतवर जळला होता तो जळला होता, पण आपण सहा महिने डोके खाजवून उभा केलेला मुंज्याच आपले नाव खाणार, हे काही त्याला सोसवेना.

"हात माझा आहे!" तो ओरडला आणि त्याने वाकडी करंगळी सगळ्यांपुढे नाचवली.

पंतांनी करंगळी चित्राशी ताडून पाहिली. "तुमचाच की! पण दगडाला हात लावायला गेला होतात कशाला?"

त्र्यंबकने खाली बघितले. "सही पुसायला. दौलतची."

दौलतने अंक उचलून सही निरखली.

"म्हंजे ही येवढी मोठी तुम्ही केली?" तो म्हणाला. "लय उपकार झाले, त्र्यंबकराव."

पंतांनी शब्द पाळला. दुसऱ्या अंकासाठी त्र्यंबकला भरपूर तेल चोपडून दर पानाच्या दगडावर हात टेकवायला लावला. पंजाला जागा कमी पडते म्हणून चार ओळींची एक ओळ झाली. अंक निघाला तेव्हा मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘हात: त्र्यंबक’.

मंदाकिनीने अंक चारदा उलटापालटा केला. "अहो, नाव किती छान आलंय! माहेरी पाठवते. पण ही गोष्ट कुणी लिहिलीय हो?"

त्र्यंबकला आता स्वतःच्याच डाव्या हाताचा हेवा वाटत होता.