आठ नगांची खुर्ची

सागाच्या एका जंगलात, बाळांनो, भिवा नावाचा सुतारपक्षी राहत होता. आडनाव सुतार, जात सुतारपक्ष्याची आणि धंदाही सुतारकीचा. त्यामुळे ओळख करून देताना त्याचा फारसा वेळ जात नसे.

भिवा खुर्च्या करायचा. त्याच्या खुर्चीला चार पाय असत, दोन हात असत आणि टेकायला पाठ असे. तुम्हाला हसू येईल, पण त्या काळी प्राणी खुर्चीत बसायचे.

अस्वलांच्या घरची खुर्ची त्यानेच केली होती. त्या घरात कौसल्याबाई अस्वल आणि त्यांचे सासरे आबा राहत. आबांचे गुडघे गेलेले. खुर्चीच्या हातांवर भार टाकून ते उठत, दारापर्यंत जात आणि नदी बघून परत येत. तेवढीच त्यांची सहल. भिवाने खुर्चीचे हात मुद्दाम रुंद ठेवले होते. आबांचा पंजा मापून.

एके दिवशी तळ्याकाठी धवलशेठ बगळ्याचं फर्निचरचं शोरूम उघडलं. सगळं जंगल बघायला लोटलं. आत जवळजवळ काहीच नव्हतं. मधोमध एक पाट आणि भोवती पुष्कळ मोकळी जागा.

धवलशेठ एका पायावर उभे राहून गिऱ्हाइकांशी बोलत.

"आता मलाच बघा," ते म्हणाले. "माझं एका पायावर भागतं. तुमच्या खुर्चीला चार कशाला?"

गिऱ्हाइकं आपापल्या चार पायांकडे बघून ओशाळली.

कौसल्याबाई घरी आल्या त्या खुर्चीकडे रोखून बघतच.

"मामंजी, ही खुर्ची फार बोलते हो."

"माझ्याशी कधी नाही बोलली," आबा म्हणाले.

पण हळूहळू जंगलात कुणी भिवाकडे फिरकेना. महिनाभर तो रिकामा बसून राहिला. मग धवलशेठ स्वतः त्याच्या झाडाखाली आले.

"तुमच्या चोचीत कसब आहे, भिवा. फक्त आजवर तुम्ही ते वाढवण्यात घालवलंत. आमच्याकडे या आणि कमी करा."

भिवा गेला. काय करणार? पहिलंच काम आलं ते अस्वलांच्या खुर्चीचं. कौसल्याबाईंनी ती 'साधी करून' मागितली होती. भिवाने आयुष्यात लाकूड पुष्कळ कापलं होतं, खुर्ची कधी कापली नव्हती. त्याने आधी हात काढले. मग पाठ. मग एकेक करून पाय. शेवटी उरली बैठक. धवलशेठांनी तिच्यावरून पंख फिरवला आणि म्हणाले, "आता कशी मोकळी झाली!"

उरलेले तुकडे जाळायला सांगितले होते. भिवाला ते जमलं नाही. सुतळीने बांधून त्याने ते गोदामात मागे ठेवून दिले.

बैठक घरी आली, जमिनीवर मांडली गेली. आबा तिच्यावर बसले आणि बसलेच. उठायला धरणार काय? पहिला दिवस त्यांनी भिंतीकडे बघण्यात काढला. दुसऱ्या दिवशीही भिंत तीच होती.

शेजारपाजारच्या सशिणी, हरिणी बघायला आल्या.

"किती शांत बसलेत हो तुमचे सासरे!"

"हो ना," कौसल्याबाई म्हणाल्या. "पूर्वी सारखी उठबस असायची."

तिसऱ्या दिवशी भिवा बैठकीला तेल लावायला आला. कौसल्याबाई आत गेल्या तसा आबांनी हळूच विचारलं, "भिव्या, माझे हात कुठायत रे?"

"आहेत, आबा. गोदामात आहेत."

"तेवढे आणून दे बाबा. मला उठायचंय."

भिवा उडत गेला आणि दोन्ही हात घेऊन आला. बैठकीच्या दोन बाजूंना त्याने ते ठोकले. आबा अर्धे उठले आणि परत खाली बसले. बैठकीला उंचीच नव्हती.

ठोकाठोकी ऐकून कौसल्याबाई बाहेर आल्या आणि त्यांनी हंबरडाच फोडला. "अहो, याने माझी बैठक बिघडवली! बोलवा धवलशेठांना!"

धवलशेठ आले. एका पायावर उभे राहून त्यांनी बराच वेळ विचार केला. भिवाला वाटलं, आपली नोकरी गेली.

"बिघडवली नाही, बाई," धवलशेठ अखेर म्हणाले. "ही आमची नवी वस्तू आहे. हिचं नाव 'आधार'. हवी त्याने वेगळी घ्यावी." आणि दोन्ही हात काढायला लावून ते बरोबर घेऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात शोरूममध्ये 'आधार' लागला. त्याच्या शेजारी 'विसावा' लागला, म्हणजे पाठ. मग 'उंची' आली, ती चार नगांत मिळायची. जमिनीवर बसून बसून जंगलात सगळ्यांच्याच कंबरा धरल्या होत्या, त्यामुळे रांग तळ्याच्या पलीकडे गेली. नगानगाची किंमत अशी, की एकेक जण घेताना डोळे मिटून घेई.

कौसल्याबाईंनी सगळे नग घेतले आणि ते जोडायला शोरूममधून माणूस पाठवा म्हणून निरोप धाडला. भिवा आला. सुतळी सोडताच त्याने खाचा ओळखल्या. आपल्याच चोचीने पाडलेल्या. तासाभरात त्याने आठही नग एकत्र बसवले.

आबा बसले. मग दोन्ही हातांवर भार टाकून उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. शेवटी कुणालाही न विचारता दाराबाहेर निघून गेले.

कौसल्याबाई खुर्चीभोवती दोनदा फिरल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा भिवा," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात खुर्ची. तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात, तुम्हाला नाही कधी असं काही सुचलं?"

भिवाने हत्यारं पिशवीत भरली.

"तेव्हा अक्कल नव्हती, ताई," तो म्हणाला.

तात्पर्य: चांगली वस्तू गिऱ्हाइकाला अख्खी देऊ नये. आधी तिचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला सुंदरसं नाव द्यावं. मग गिऱ्हाईक ती वस्तू आपणच शोधून काढतं. सुताराने फक्त जोडताना फार आवाज करू नये.