उस्ताद रिफअतची साखरेची नवरी

"साखर म्हणजे काय? बारा कार्बन, बावीस हायड्रोजन, अकरा ऑक्सिजन! बाकी सगळा हलवायांनी केलेला बाऊ आहे, आई!" असं उस्ताद रिफअतने छाती पुढे काढून सांगितलं आणि मंडळी, तिथेच त्याच्या अब्रूची माती व्हायला सुरुवात झाली.

रिफअत टांटा गावच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा; आमच्याकडे मास्तरला उस्ताद म्हणतात. आता टांट्याचं काय सांगावं! पैगंबरसाहेबांच्या जन्माचा सण, म्हणजे मौलिद, जवळ आला की अर्धा इजिप्त मिठाई न्यायला आमच्या गावात लोटतो. दर दुसऱ्या दुकानापुढे तिळाच्या वड्यांचे डोंगर! अशा गावात घरी मिठाई करायला बसणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून दवबिंदू गोळा करणं.

पण बिचाऱ्याचा नाइलाज होता. ज्याचा साखरपुडा झालाय त्याने मौलिदला मुलीच्या घरी साखरेची नवरी न्यायची, ही आमची रीत. कागदी झगा, पाठीमागे तीन कागदी पंखे, अशी ती बाहुली. हल्ली सगळे प्लॅस्टिकची नेतात. रिफअतनेही दोन वर्षं तीच नेली होती. दोन्ही वर्षी त्याच्या होणाऱ्या सासूबाईंनी, हज करून आलेल्या हज्जा फिक्रियांनी, बाहुलीच्या पाठीतली चावी फिरवली, तिचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "बरी आहे." लग्नाच्या तारखेचा विषय निघाला की, "मौलिदनंतर बघू." कुठल्या वर्षीच्या मौलिदनंतर, हे बाईंनी कधी सांगितलं नाही.

नगलाशी साखरपुडा होऊन तीन वर्षं झाली होती. यंदाही तारीख मिळाली नाही तर नगलाची मावशी दुसरं स्थळ घेऊन टपलेलीच होती. आणि अशात नगलाने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. पांढराशुभ्र ॲप्रन घातलेला एक देखणा तरुण घरच्या घरी साखरेची नवरी करतो. चार मिनिटांत! नवरी काचेसारखी चमकते, आणि तरुणाच्या ॲप्रनवर एक डागसुद्धा नाही. खाली नगलाने काहीच लिहिलं नव्हतं, फक्त एक लाल बदाम. साखरपुडा झालेल्या पुरुषाला लाल बदामाचा अर्थ कळतो. तो हुकूम असतो!

आता साचा हवा. रिफअत गेला बय्यूमीकाकांकडे. काकांनी चाळीस वर्षं साखरेच्या नवऱ्या ओतल्या आणि प्लॅस्टिक आल्यावर दुकानाला कुलूप लावलं.

"नवरीचे साचे गेले रे बाळा! लोकांनी शोभेला नेले. हा एकच उरलाय." काकांनी खाटेखालून लाकडी साचा ओढला. घोडेस्वार! हातात तलवार, ओठांवर भलीमोठी मिशी.

"काका, घोडा तर मुलग्यांना देतात!"

"म्हणून तर उरलाय! मुलग्यांना आता मोबाइल देतात."

रिफअतने क्षणभर विचार केला. "वरून झगा घातला की आत कोण आहे, कोण बघतंय?"

"मर्जी तुझी. साचा रात्रभर पाण्यात भिजव. आणि लिंबाचं सत्त्व अगदी चिमटीभर हं! जास्त घातलंस तर साखर धरणार नाही."

"काका," रिफअत हसून म्हणाला, "आम्ल कसं वागतं हे मी मुलांना शिकवतो."

पुढचे तीन आठवडे आम्लाने रिफअतला शिकवलं. पहिला घोडेस्वार साच्यालाच चिकटला, कारण लाकूड भिजवणं ही रिफअतला अंधश्रद्धा वाटली होती. दुसरा करपून विटेसारखा झाला. तिसऱ्याचं डोकं साच्यात राहिलं, चौथ्याचं धड. आई, सनियाबाई, बाजारातून परत आली की स्वयंपाकघराच्या दारातच कपाळाला हात लावायची.

"अरे, माझ्या चपला जमिनीला चिकटल्या! घरात लग्नाआधी मुंग्यांचीच वरात आलीय!"

"शास्त्राला वेळ लागतो, आई!"

"शास्त्राला नाही रे, मला लागतो! पातेली कोण घासतंय?"

शेवटी व्हिडिओतल्यासारखी चमक यावी म्हणून त्याने लिंबाचं सत्त्व चिमटीऐवजी चमच्याने घातलं. चमक आली! काय ती चमक! फक्त घोडेस्वार काही घट्ट होईना. मऊ गुळासारखा लोळायला लागला. रिफअतने फ्रीजरमधलं मांस बाहेर काढलं आणि घोडेस्वाराला आत कोंबलं. दोन दिवसांत तो दगड झाला.

मग शृंगार. तलवार मोडून हातात कागदी फुलं दिली. मिशीवर नवरीची जाळी सोडली. पांढऱ्या कागदाचा घेरदार झगा, मागे तीन पंखे. घोडा सगळा झग्याखाली गेला, फक्त त्याचं डोकं पुढून जरा ढकलत होतं.

सनियाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "रिफअत, या नवरीचं पोट पुढे आल्यासारखं वाटत नाही?"

"तो घेर आहे, आई! फॅशन आहे!"

मौलिदच्या दुपारी, डोक्यावर ऊन रणरणत असताना, चार किलोची ती नवरी पोटाशी धरून रिफअत हज्जांच्या दिवाणखान्यात शिरला. नवरी मेजावर बसली. नगला आत सरबत करत होती. खुर्चीत तिचे वडील, लुत्फीसाहेब, चहाचा पेला घेऊन बसले होते. तीन वर्षांत रिफअतने त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्या घरात बोलायचं काम हज्जांकडे होतं.

हज्जांनी नवरीभोवती एक फेरी मारली. पाठीत चावी शोधली. सापडली नाही.

"विकतची नाही?"

"नाही, हज्जा. माझ्या हातची."

"तुझ्या हातची?" हज्जांनी चक्क ओढणीने डोळे टिपले! "ऐकलंत का हो? याने हातांनी केली! तुम्ही तीस वर्षांत मला कपभर चहा तरी करून दिलात? उस्ताद, बस बाळा, बस. लुत्फी, ते भिंतीवरचं कॅलेंडर काढा बघू!"

कॅलेंडर! तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते कॅलेंडर खिळ्यावरून खाली येत होतं.

आणि तेवढ्यात, टप्प.

मेजावर साखरेचा एक चिकट थेंब पडला. मग दुसरा. नवरीला घाम फुटला होता! रिफअतलाही फुटला. झगा ओला झाला, पुढून ताणला गेला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नवरीच्या पोटावरचा कागद टर्रकन फाटून आतून घोड्याचं डोकं बाहेर आलं.



"घोडा," लुत्फीसाहेब म्हणाले. तीन वर्षांतला त्यांचा पहिला शब्द!

"घोडा मुलग्याला देतात," हज्जा सावकाश म्हणाल्या. "आमच्या घरात मुलगा कुठाय, उस्ताद?"

रिफअत दोन्ही हातांनी घोड्याचं डोकं परत आत ढकलत होता. बिचाऱ्याला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही, सरळ कबूल करून मोकळं व्हावं.

"हज्जा, सगळी चूक माझी! नगलाचा यात काडीचा दोष नाही! मी झाकायचा खूप प्रयत्न केला, पण अशा गोष्टी झाकून राहत नाहीत!"

हज्जांचा चेहरा पांढरा पडला. "कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. आई बाजारात गेली की..."

"आईला माहितीय?"

"पहिल्या दिवसापासून! रोज कपाळ बडवून घेते!"

हज्जा मटकन खाली बसल्या. त्यांनी नवरीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, पोटातून आलेल्या घोड्याकडे पाहिलं. आणि शेवटी दाराकडे, जिथे सरबताचा ट्रे घेऊन नगला उभी होती, तिच्या पोटाकडे.

रसायनशास्त्राच्या मास्तरला उमजायला अंमळ उशीर झाला. उमजलं तेव्हा त्याचे हात घोड्याच्या मानेला घट्ट चिकटले होते.

"नाही! हज्जा, नाही! तसं काहीच नाही! नगला, सांग ना यांना!"

नगलाने आईकडे पाहिलं. बापाच्या हातातल्या कॅलेंडरकडे पाहिलं. रिफअतकडे पाहिलं. ही मुलगी औषधाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची, जन्मात कुणापुढे नजर खाली केली नव्हती. तिने ती हळूच खाली केली आणि गालिच्याकडे बघत राहिली.

"लुत्फी!" हज्जा कडाडल्या. "येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी!"

"पण हज्जा, माझ्या नव्या फ्लॅटला अजून दारं लावायची आहेत!"

"आता दारं लावून काय उपयोग?"

लुत्फीसाहेबांनी घोड्याचा एक पाय मोडला आणि चहात बुडवला.

जिन्यात रिफअत रडकुंडीला आला होता. "अगं, माझी अब्रू! तीन वर्षांत मी तुझा हात दोनदा धरलाय! एकदा अंगठी घालताना आणि एकदा रस्ता ओलांडताना!"

"गप्प बस!" नगला कुजबुजली. "तारीख मिळाली ना? तुझी अब्रू काय, वर्षभरात आपोआप सिद्ध होईल."

लग्न झालं. दारांच्या जागी चादरी टांगून झालं! गावातल्या सगळ्यांत सभ्य माणसाने, न केलेल्या पापाची शिक्षा मान खाली घालून भोगली. दर शुक्रवारी लुत्फीसाहेब त्याला नमाजाला न्यायचे आणि खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "अल्ला मोठा क्षमाशील आहे, बेटा." त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण नगलाने शपथ घातली होती. हज्जा दर दोन दिवसांनी मुलीला भात भरून भाजलेली कबुतरं आणि दूध पाठवायच्या. नगला सगळं चाटूनपुसून खायची आणि तब्येतीने चांगली भरली, त्यामुळे हज्जांची आशा पार नवव्या महिन्यापर्यंत टिकली.

रिफअत मात्र कॅलेंडरवर एकेक दिवस खोडत होता. निर्दोष सुटायचा दिवस जवळ येत होता! त्याने मनात भाषणसुद्धा तयार केलं होतं. हज्जा रडतील, माफी मागतील, आणि तो उदार मनाने म्हणेल, "जाऊ द्या हो, हज्जा."

पुढचा मौलिद आला. रिफअतने विकतची प्लॅस्टिकची नवरी आणली. हज्जांनी चावी फिरवली, पण त्यांचं गाण्याकडे लक्ष नव्हतं. बोटांची पेरं मोजली. परत मोजली. मग लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

"म्हणजे तेव्हा... खरंच काही नव्हतं?"

"अल्लाची शपथ, हज्जा!" रिफअत ओरडलाच. "नुसती साखर होती!"

बाहुलीचं गाणं संपलं.

"अरेरे," हज्जा म्हणाल्या. "मग उगाच घाई केली मी!"