ढोलीतल्या देवता

एका जंगलात, मुलांनो, कुणीही कुठंही उडायचं. नर उडायचे, माद्या उडायच्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग ससाणा राजा झाला.

ससाण्याला शिस्तीचं भारी वेड. रोज सकाळी सगळ्या नरांनी रांगेत उडायचं आणि त्याला सलामी द्यायची. एकदा त्यानं धनेश पक्ष्याचा संसार पाहिला. मादी झाडाच्या ढोलीत बसलेली, ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं, आणि नर फटीतून तिला उंबरं भरवतोय. राजा गहिवरला. पिल्लं मोठी होऊ लागली की धनेशाची मादी चिखल फोडून बाहेर येते, हे ऐकायला तो थांबला नाही. राजे लोक थांबत नाहीत.

लगेच हुकूम निघाला. मादी ही जंगलाची देवता. देवतेनं उन्हातान्हात वणवण करणं शोभत नाही. तिनं ढोलीत बसून अंडी घालावीत. जास्त पिल्लं देणारीला मोरपिसाचं पदक मिळेल.

रेवा साळुंकीला रडूच कोसळलं. नदीपलीकडच्या कुरणात, म्हशीच्या पाठीवर बसून किडे टिपण्यात तिचा जीव रमायचा. तिचा नवरा भागोजी तिची समजूत घालत चिखल लिंपत होता.

"अगं, केवढा मान दिलाय तुला. पदकही मिळेल."

"मला पदक नको, म्हैस हवी," रेवा म्हणाली.

भागोजीनं तरी लिंपलं. आत अंधार होता, उकडत होतं, आणि रेवा पोटभर रडली. रडून भूक लागते. तिनं फटीतून चोच बाहेर काढली आणि गोड आवाजात म्हणाली, "अहो, देवता उपाशी आहे."

भागोजीनं अळी आणली. देवतेला नाकतोडा हवा होता. नाकतोडा आला, तर तो शिळा निघाला. शेजारच्या ढोलीतल्या बुलबुलीनं हे ऐकलं आणि तिलाही भूक लागली. बघता बघता साऱ्या जंगलातल्या देवता जेवायला मागू लागल्या.

नरांच्या पंखांचे तुकडे पडायची वेळ आली. सकाळच्या सलामीला एकटा कावळा हजर राहिला. त्याचं लग्न व्हायचं होतं. सलामी घ्यायला मात्र राजाच नव्हता. हुकमाप्रमाणे राणीही ढोलीत बसलेली, ती अंगानं राजापेक्षा दांडगी, भूकही तशीच, त्यामुळे महाराज उंदरामागे धावत होते.

संध्याकाळी भागोजी धापा टाकत आला आणि चोचीनं चिखल फोडू लागला.

"बाहेर ये बाई."

"आणि हुकूम?"

"हुकूम काढणाराच राणीची ढोली फोडतोय. आत्ताच बघून आलो."

रेवा थेट कुरणात गेली. म्हैस जागेवरच होती. रेवाला इतका आनंद झाला की किडे टिपायचंही ती विसरली.

पुढं माद्यांना मोकळं करण्याची थोर कल्पना आपलीच, असं राजानं जाहीर केलं आणि मोरपिसाचं पदक स्वतःच्या छातीवर लावून घेतलं. भागोजीनं रांगेत उडून सलामी दिली.

तात्पर्य: बायकोला देवता म्हणून खुशाल कोंडावं, फक्त तिन्ही त्रिकाळ नैवेद्य स्वतः आणायची तयारी ठेवावी.