फेरीबोटीतली नीजवडी

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मधे प्रश्न नको, शेवटी मीच तुला एक विचारणार आहे. आपली रुचिता नाही का, श्रीवर्धनची, ती बातम्यांच्या एका वेबसाइटवर कामाला लागलीय. तिथे तिच्याकडे राशिभविष्य होतं. म्हणजे ज्योतिषीबुवा फोनवर सांगणार आणि हिने टाइप करायचं, आणि बुवांचा फोन लागला नाही की सिंहेचं मागच्या महिन्यातलं उचलून कन्येला द्यायचं. पार कंटाळली होती. शेवटी तिच्या संपादक अमिषा मॅडम म्हणाल्या, "आपल्या कोकणात नैसर्गिक औषधी, तेलं, वड्या असलं नवं नवं काढणारे उद्योजक आहेत. त्यांच्या मुलाखतींची मालिका करू. पहिली तू घे. जमली तर मालिका तुझी. नाही जमली तर मेष, वृषभ आहेतच."

पहिला माणूस मिळाला मितेश म्हात्रे. उरणचा. आजोबांचं मिठागर, वडिलांचे ट्रेलर आणि हा काढतो नीजवडी. जायफळ, खोबरं, गूळ आणि आणखी काय काय घालून केलेली वडी, रात्री एक खायची आणि झोपायचं. पाकिटावर डोळे मिटलेला चंद्र. तर हा गडी खोबऱ्याचा सौदा करायला दिवेआगरच्या वाड्यांमध्ये आला होता आणि तिथून त्याला मुरुडकडे जायचं होतं. तिथल्या एका मोठ्या रिसॉर्टची खरेदी बघणारी हेतल मॅडम त्याची वाट बघत बसलेली. सौदा जमला तर रिसॉर्टच्या प्रत्येक उशीवर एक नीजवडी.

"मॅडम, मला अजिबात वेळ नाही," तो रुचिताला फोनवर म्हणाला. "तुम्ही दिघीला फेरीत चढा. आगरदांड्याला उतरेपर्यंत मी तुमचा."

आता तुला माहितीय, दिघी ते आगरदांडा म्हणजे चहा गार व्हायच्या आत खाडी पार. पण रुचिता गेली. मितेशची गाडी कोरी करकरीत, पुढे झेंडूचा हार अजून सुकलेला नव्हता. त्या बोटीत गाड्या रिव्हर्सने आत घालतात, म्हणजे जो शेवटी घुसतो तो पहिला बाहेर पडतो. मितेश आधी आलेला, त्यामुळे पार आत. आणि सगळ्यात शेवटी, त्याच्या बरोब्बर पुढे येऊन उभा राहिला एक टेम्पो. सुक्या बोंबलांच्या गोणींनी भरलेला. त्याचं मागचं फळकुट मितेशच्या हाराला टेकायचंच बाकी होतं.

"वास येतोय का तुमच्या व्हिडिओत?" मितेशने विचारलं.

"व्हिडिओत नाही येत, सर."

"मग चालेल."

दोघं कठड्याशी उभे राहिले. रुचिताने मोबाइल स्टँडवर लावला, माइक त्याच्या शर्टाला अडकवला आणि पहिला प्रश्न विचारला, की आरोग्याच्या नैसर्गिक उत्पादनांमध्ये नावीन्य म्हणजे नेमकं काय. मितेश एकदम हळू, मऊ आवाजात बोलायला लागला, जसं कोणी अंगाई म्हणतंय.

"नावीन्य म्हणजे काय, मॅडम? जुनीच गोष्ट, नवीन पाकीट." मग थांबला. "हे कापा. असं लिहा, की आम्ही झोप विकत नाही, आम्ही शांतता विकतो. आज माणसाकडे सगळं आहे, शांतता नाही. मी स्वतः कधी चिडत नाही. विचारा माझ्या स्टाफला."

एवढं बोलून त्याने रुचिताच्या हातात एक पाकीट ठेवलं आणि हेतल मॅडमचा फोन लागतोय का बघायला बाजूला गेला. टेम्पोचा ड्रायव्हर तिथेच कठड्याला रेलून सगळं ऐकत होता. सदा त्याचं नाव. डोळे असे लाल, जसं कोणी गुलाल फुंकलाय.

"ताई, झोपेचं हाय काय ते?"

"हो, पण साधंच आहे. जायफळ वगैरे."

"मना झोपच न्हाय लागत. पोर्टावरचा ट्रेलर सोडला, बायकोच्या धंद्यात आलो, तवापासून डोळ्याला डोळा न्हाय."

रुचिताला दया आली. तिला काय, मुलाखत घेताना झोपेची वडी थोडीच खायची होती. तिने पाकीट त्याला देऊन टाकलं. "पण आत्ता नका खाऊ हं. घरी जाऊन, रात्री. एकच." सदाने मान डोलावली, पाकीट घेतलं आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

पुढचे चार प्रश्न छान झाले. बोट आगरदांड्याला लागली, गाड्या उतरायची फळी खाली पडली, बाजूच्या रांगेतल्या गाड्या निघाल्या, मोटारसायकली निघाल्या. टेम्पो निघेना. मितेश गाडीत बसला, त्याने एकदा हॉर्न दिला, मग दोनदा दिला, मग हात तसाच ठेवला. रुचिता पुढे जाऊन केबिनमध्ये बघते तर सदा स्टिअरिंगवर गाल ठेवून झोपलेला. साधासुधा नाही, तोंड उघडं, घोरण्याने काच धुरकटलेली. दार आतून लॉक, काच बोटभर खाली. खाल्ली याने. एक नाही, अख्खं पाकीट खाल्लं याने.

बोटीवरचा खलाशी बाळाजी आला. बिडी कानावर, घाई कशालाच नाही. त्याने काचेवर टकटक केली, "ओ भाऊ" म्हणाला, थोडा वेळ थांबला आणि फळी उचलायला लागला.

"अहो, काय करताय?" मितेश गाडीतून उतरला. "मला उतरायचंय. काच फोडा, टेम्पो बाजूला घ्या."

"दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा न्हाय, साहेब. मागं एकानं लावला होता."

"मग?"

बाळाजीने हनुवटीने पाण्याकडे दाखवलं. "हाय ती अजून तिथं."

"अहो पण माझी मीटिंग आहे."

"तुमी चालत जावा की. गाडी ऱ्हाऊ दे, आमी हाय ना."

मितेशने एकदा झेंडूच्या हाराकडे बघितलं, एकदा पाण्याकडे बघितलं आणि गप्प गाडीत जाऊन बसला. नव्या गाड्या भरल्या, बोट वळली आणि परत दिघीकडे निघाली.

सुरुवातीला मितेशने ते हसतमुखाने घेतलं. "बरं झालं, तुम्हाला वेळ मिळाला. विचारा." रुचिताने विचारलं, की ताणतणावात तुमचं उत्पादन कसं उपयोगी पडतं. तो खाली उतरून बोलला, पण एक हात खिडकीतून आत, हॉर्नवर. "बघा मॅडम, तणाव हा बाहेर नसतो," पोंऽऽ, "तो आपल्या आत असतो," पोंऽऽ, "आणि म्हणून आम्ही निसर्गाकडे," पोंऽऽ. खाडीच्या मध्यावर फोनची रेंज गेली, तशी त्याच्या मऊ आवाजाचीही रेंज गेली. प्रमाण मराठी गेली, इंग्रजी गेली, आणि आतून उरण बाहेर आलं.

"आरं उठ नं," तो टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारायला लागला. "मना जायाचाय. कवरा झोपशील, घर हाय काय तुझा?"

बाळाजी शेजारी येऊन उभा राहिला. "साहेब, तुमच्याच वड्या हायत ना? खावा एक. बरं वाटंल."

त्यावर मितेशने त्याच्याकडे जे बघितलं ते रुचिताने रेकॉर्ड केलं नाही, तेवढी ती शहाणी आहे. इतक्यात वरच्या मजल्यावरून एक बाई खाली आली. ठसठशीत, नाकात मोरणी, हातात माशांच्या हिशेबाची पिशवी; हिशेबात इतकी गुंतलेली, की बोट परत फिरली तेही तिला कळलं नव्हतं. नीराबाई, सदाची बायको. बोंबील तिचेच.

"कोन वाजवतंय सारखं?" तिने विचारलं. मग केबिनमध्ये डोकावली आणि तिथेच थांबली. "झोपला?" ती एकदम हळू म्हणाली. "बाय गं. किती म्हयन्यांनी घोरतोय माझा माणूस. गंडे बांधले, तेल चोळलं, डॉक्टर झाले. कुनी उठवायचा न्हाय त्याला, सांगून ठेवते."

"अहो बाई, माझी मीटिंग," मितेश म्हणाला.

"तुमची मीटिंग उद्या होईल. ह्याची झोप उद्या येनार हाय का?"

आता रुचिताला राहवेना. मालिका गेली हे तर कळलंच होतं, कारण सगळं मातीत घालणारी तीच. मीटिंग बुडाली, माणूस चिडला, व्हिडिओत नुसता हॉर्न. निदान खोटं तरी नको. ती मितेशला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, चूक माझी आहे. तुम्ही दिलेलं पाकीट मी त्यांना दिलं. एकच खा सांगितलं होतं, पण बहुतेक त्यांनी आत्ताच खाल्लं. सगळं."

मितेश तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता हा मला पाण्यातल्या त्या गाडीकडे पाठवतो. पण त्याचा चेहरा बदलत गेला. रागाच्या जागी आश्चर्य आलं, आश्चर्याच्या जागी आनंद, आणि मग तो आनंद एकदम धंद्यात उतरला.

"आपल्या वडीने?" तो म्हणाला. "आपल्या वडीने हा असा झोपलाय? एवढ्या हॉर्नमध्ये?"

"हो सर. सॉरी सर."

"सॉरी काय, कॅमेरा लावा."

दिघी आली, रेंज आली. मितेशने हेतल मॅडमला फोन लावला. आवाज परत मऊ. "मॅडम, तुम्हीच या ना आगरदांड्याला. मी नमुना पाठवत नाही, मी नमुना जिवंत दाखवतो." आणि बोट परत निघाली तशी त्याची गंमत सुरू झाली. स्वतः हॉर्न वाजवायचा आणि कॅमेऱ्यात बघून सांगायचं, "पाहा, शास्त्रशुद्ध प्रयोग. काहीही परिणाम नाही." बाजूच्या गाडीवाल्यांनाही वाजवायला सांगितलं. बाळाजीने बोटीचा भोंगा दिला. किनाऱ्यावरचे बगळे उडाले, सदाचा गालसुद्धा हलला नाही. नीराबाई आधी रागावली, पण नवरा उठत नाही बघून तिलाच अभिमान वाटायला लागला. रुचिताने माइक पुढे धरला तर पदर सारखा करून म्हणाली, "माझ्या मालकाला झोप नव्हती. ह्या साहेबांच्या वडीनं दिली. मी तर सगळ्या कोळीवाड्याला सांगनार."

आगरदांड्याला हेतल मॅडम जेट्टीवरच उभी होती. पांढरे बूट, नाकावर रुमाल, कारण बोंबील. ती फळीवरून आत आली, मितेशने हॉर्न दाबला, बाजूच्यांनी दाबला. ती काचेतून सदाकडे बघत राहिली, मग नीराबाईचं सगळं ऐकून घेतलं.

"बस, बस, समजलं," ती कानांवर हात ठेवून म्हणाली. "माझंच डोकं दुखायला लागलं. बंद करा हे. प्रत्येक उशीवर दोन ठेवू. एक नाही, दोन."

हॉर्न बंद झाले. भोंगा थांबला, बोटीचं इंजिनही थांबलं. बोटीवर अशी शांतता पसरली, की गोणींवर बसणाऱ्या माश्या ऐकू येत होत्या. आणि त्या शांततेत सदाने डोळे उघडले. दोन्ही हात वर करून मोठ्ठा आळस दिला, बायकोकडे बघून हसला आणि टेम्पो चालू केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुचिताने तेही घेतलं आणि जेट्टीवर पाय ठेवल्या ठेवल्या सगळे तुकडे अमिषा मॅडमना पाठवून दिले.

नीराबाई हेतल मॅडमला बोंबील घ्यायचा आग्रह करत होती. मितेश हाराबरोबर फोटो काढत होता. टेम्पो थोडा पुढे, चहाच्या टपरीशी थांबला आणि सदाने रुचिताला हाक मारली.

"ओ ताई. हे तुमचं ऱ्हायलं."

पाकीट. डोळे मिटलेला चंद्र. कडेचा चिकटवलेला पट्टासुद्धा निघालेला नव्हता.

"तुम्ही खाल्ली नाही?" रुचिताने पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"गोड चालत न्हाय मना. शुगर हाय. तुमी एवढ्या मायेनं दिलीत, मंग न्हाय कसं म्हनू."

"मग झोपलात कसे?"

सदा जरा लाजला. "ताई, माझं आयुष्य गेलं न्हावाशेवा पोर्टाच्या लायनीत, ट्रेलरवर. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, रातभर हॉर्न. मागून हॉर्न वाजला की मना कळतं, लाईन हालत न्हाय, झोपा. आता घरी काय, सगळं गप. कूस बदलून बदलून जीव जातो. आज बोट लागली, बायको खाली यायची वाट बघत होतो, मागच्यानं एक हॉर्न दिला आनि मना लागलीच झोप. मधीच सगळंच बंद झालं म्हनून उठलो, न्हाय तर आजून झोपलो असतो." त्याने मागे वळून मितेशकडे बघितलं. "कोन हो ते साहेब? त्यांना माझं थँक्यू सांगा. काय सलग वाजवला."

तो गेला. रुचिता पाकीट हातात घेऊन टपरीशी उभी. तिकडे मितेश आणि हेतल मॅडम हात मिळवतायत, नीराबाईचे चार बायकांना फोन करून झालेत. आणि रुचिताच्या मोबाइलवर अमिषा मॅडमचा मेसेज आला: "व्हिडिओ अप्रतिम. मालिका तुझी. आत्ताच टाकतेय, फक्त खाली एक ओळ हवी. ड्रायव्हरने किती वड्या खाल्ल्या होत्या? लगेच कळव."

टाइप करायला बोट वर गेलं ते तसंच राहिलं बघ तिचं.

आता बोल. तू असतीस तर काय आकडा लिहिला असतास?